पिण्यास योग्य

धोंडीनाना तारूंनी माळ्यावरचं जाळं काढून पाणजाईच्या डोहाकाठी आणून टाकलं, तेव्हा जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. डोहाकाठी जाळं ही गोष्ट आमच्या खडकनिव्यात आजवर कुणी पाहिलेली नव्हती.

“नाना, हे काय आणलंय?” सरपंच इंदूताईंनी विचारलं.

“जाळं म्हंत्यात ह्याला,” नाना म्हणाले. “पाणी बघा किती ऱ्हायलंय. गळ्याएवढं हुतं, कमरंएवढं झालं, पंधरा दिसांत गुडघ्याएवढं हुईल. वर येऊन तोंड वासत्यात ती. आता वाट कशाची बघायची, सांगा मला.”

एप्रिल संपत आला होता. वरच्या अंगाला पाणी अडवलेलं, नदी जागोजाग तुटलेली, आणि आमच्या डोहात सत्तर-ऐंशी खडस एकमेकांना घासत फिरत होते. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, सोनेरी पोटाचा नदीतला मासा, चांगला हात-दीड हात वाढणारा. गावात मात्र त्यांना मासा म्हणायची रीत नव्हती. देवीची लेकरं म्हणायची. नवी नवरी गावात आली की उंबरठा ओलांडायच्या आधी डोहाला जायची आणि लेकरांना कणकेचे गोळे घालायची. डोहाच्या पाण्यात हात घालायचा नाही, हा गावाचा नेम. हात घालायचा तो फक्त तारूंच्या घरानं, आणि तोसुद्धा एखादं लेकरू मेलं तर. मेलेलं लेकरू तारूंनी उचलायचं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळायचं आणि देवळामागं पुरायचं. तो त्यांचा मान होता. धोंडीनानांनी आयुष्यात अकरा पुरली होती, आणि अकराही दिवस त्यांना तिथीनं पाठ होते.

हा झाला देवीचा कायदा. सरकारचा कायदा या उन्हाळ्याच्या चार वर्षं आधी आला होता. डोहाच्या दोन्ही बाजूंना नदीनं काळ्या खडकात खळगे कोरलेत, गोल गुळगुळीत, काही रांजणाएवढे तर काही विहिरीएवढे. पुण्याहून एक दाढीवाले प्राध्यापक आले, खळग्यात उतरून त्यांनी मापं घेतली आणि हे कोरायला नदीला हजारो वर्षं लागलीत असं आम्हाला सांगितलं. आम्ही तोवर त्यात गोधड्या धूत होतो. मग जिल्ह्यातल्या संरक्षित स्थळांची यादी निघाली, तिच्यात अठराव्या नंबरला आमचा डोह. खडकासाठीही आणि माशांसाठीही. हिरवा फलक लागला : ‘येथे खडक फोडणे, खणणे, मासे पकडणे, हाताळणे अथवा हलवणे हा दंडनीय अपराध आहे.’ फलक लागला त्या दिवशी गावानं पेढे वाटले. आपल्याकडचं काहीतरी सरकारला जपावंसं वाटलं, याचंच आम्हाला अप्रूप.

आता त्याच फलकाखाली सगळे माना खाली घालून उभे होते. खडकात बोअर मारून डोहाला पाणी आणावं, तर फलकाची पहिली ओळ आडवी येत होती. मासे हलवावेत, तर दुसरी.

“खाली बंधाऱ्याला अजून दोन पुरुस पाणी हाय,” नाना सांगत होते. “जाळ्यात धरायची, पिंपात घालायची, गाडीनं नेऊन सोडायची. पाऊस पडला की आपसूक चढणीला लागत्यात, येत्यात परत घरला.”

“आन देवीनं इच्यारलं, माझी लेकरं कुठं नेली, मग काय सांगायचं?” अप्पा गुरव म्हणाले. डोहाची पूजा त्यांच्याकडं.

“मी सांगीन की. तुमच्या नावावर घालत न्हाई.”

“नाना, ऐका जरा,” इंदूताई म्हणाल्या. “वनखात्याच्या साहेबांस्नी मी फोन केलाय. त्यांनी वर अर्ज धाडलाय. परवानगी आल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हणाले. तुमी जाळं टाकलं तर केस हुईल. तुमच्यावर बी आन गावावर बी.”

“परवानगी कवा येतीया?”

“पंधरा दिवस लागतील म्हणाले.”

नानांनी डोहाकडं पाहिलं. “बरं,” ते म्हणाले, “मग पंधरा दिस दम धरा म्हणून त्यास्नी सांगा कुणीतरी.”

आणि इथं मी तोंड उघडलं. न उघडतो तर बरं झालं असतं, पण मला चारचौघांत बोलायची हौस भारी.

मी जोतिराम. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. नळाचा कॉक फिरवायचा, टाकी धुवायची आणि पाण्यात टीसीएल टाकायची, म्हणजे पाणी शुद्ध करायची ती पांढरी ब्लीचिंग पावडर. बाकीच्या गावांत ही पावडर आठवली तर टाकतात. मी एकोणीस वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. माझ्या लग्नादिवशी मुंडावळ्या बांधायच्या आधी मी टाकीवर चढून पावडर टाकून आलो होतो, आणि बायको त्यावरून अजून मला टोमणे मारते. शेजारच्या गावांत कावीळ झाली, हगवण झाली, आमच्याकडं एक पोर आजारी पडलं नाही. रोज सकाळी नळाच्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की पावडर बरोबर पोचली असं समजायचं, आणि पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहायचं, ‘पाणी पिण्यास योग्य.’ दरसाल गावाला शुद्ध पाण्याचं हिरवं कार्ड मिळायचं, ते माझंच आहे असं मी समजायचो. लोक मला जोतिराम म्हणायचं सोडून ‘पावडर’ म्हणायला लागले होते. मला त्याचा राग येत नसे. उलट बरंच वाटायचं.

“टँकर आणू,” मी म्हणालो. “मासं हलवायचं न्हाईत, खडक फोडायचा न्हाई. पाणीच आणून वतायचं. पाणी वतू नका असं कुठं लिवलंय?”

सगळ्यांनी वळून फलक पुन्हा वाचला, वाचता येत नव्हतं त्यांनीसुद्धा. खरंच लिहिलं नव्हतं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि पंधरवड्यात पहिल्यांदा डोहाकाठी माणसांसारखा आवाज झाला.

“पावडर, डोकं हाय रं तुला!” अप्पा गुरव म्हणाले.

इंदूताईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला. पाणी घालायला माझी हरकत नाही, पण हे तोंडी सांगतोय, असं साहेब म्हणाले.

“पाणी कुठलं आणणार?” नानांनी मला विचारलं.

“बंधाऱ्याजवळची सरकारी हीर. टँकर तिथंच भरत्यात.”

“मग चालंल. पर दमानं वत, जोत्या. नवं पाणी त्यास्नी एकदम सोसत न्हाई.” त्यांनी जाळं गोळा करून खांद्यावर टाकलं. माळ्यावर काही ठेवलं नाही. नंतर मी जाता-येता बघायचो, तर ते त्यांच्या अंगणात दोरीवर टांगलेलं असायचं.

चार दिवसांनी टँकर आला. भाड्याचा होता, ड्रायव्हर तालुक्याचा. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तीन खेपा झाल्या. विहिरीवर मी स्वतः उभा राहून टँकर भरून घेत होतो. ड्रायव्हर केबिनमध्ये मोबाईलवर बोलत होता. माझं काम मी केलं आणि आम्ही निघालो.

डोहावर जत्रा भरली होती. बायकांनी टँकरच्या नाकाडाला हळदकुंकू लावलं, अप्पांनी नारळ माझ्या हातात दिला. एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. पाइपाला गोणपाट बांधून, नाना सांगतील तसं, खडकावरून ओघळू देत पाणी सोडलं. पहिल्या खेपेला सगळी लेकरं पाण्याच्या धारेकडं धावली. अंगावर धार घेत उलटीसुलटी होत होती, त्यांची पोटं उन्हात लखलखत होती. इंदूताई चक्क रडल्या. नाना खळग्याच्या काठावर उकिडवे बसून होते. पाणी कमरेच्या वर आलं तसं ते उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि घरी गेले. मी घरी जाऊन बायकोला सगळं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती म्हणाली, “जेवा आता, देवमाणूस.”

सकाळी कॉक सोडायला मी साडेपाचला निघतो. वाट डोहावरून जाते. चांगलं दिसायला लागलं होतं. आधी पाण्याचा सपसप आवाज आला, आणि मग खडकावर चढलो तर नाना छातीएवढ्या पाण्यात उभे. हातात जाळं. काठावर त्यांची हातगाडी, तिच्यावर निळं पिंप. आणि सगळ्या डोहभर पांढरी पोटं.

मला वाटलं, मी अजून झोपेत आहे.

“बघतोस काय? हात लाव!” नाना ओरडले. “ते कडंचं अजून हलतंया. धर त्याला! जोत्या, हात लाव रं!”

मी पाण्याच्या काठापर्यंत गेलो. वाकलोसुद्धा. एक खडस, दीड हात लांब, माझ्यापासून वीतभर अंतरावर आडवा पडून कल्ला हलवत होता. एकदा, मग बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. माझा हात पाण्यावर तसाच राहिला. डोहात हात घालायचा नाही हे मला चालायच्या आधी शिकवलेलं. आणि वाकल्यावर तो वास आला.

नानांनी तोपर्यंत त्याला जाळ्यात घेतला होता. पोराला पाळण्यात घालावं तसं त्यांनी त्याला पिंपात सोडलं. “हे पाणी माझ्या हिरीचं हाय,” ते धापा टाकत म्हणाले. “रातसार झोप लागली न्हाई, म्हणून झुंजूमुंजू आलो बघाया, तर ही अशी. घरला पळालो, पिंप भरून आणलं. नऊ हायती जित्ती. बंधाऱ्यात नेली तर वाचत्यात. गाडीला हात लाव, चल.”

मी हललो नाही.

“डोहात औषध घातलंय कुणीतरी,” नाना म्हणाले. “नाकाला झोंबतंय. पावडर हाय ही.” आणि मग ते माझ्याकडं बघायला लागले.

सांगतो आता. आदल्या दिवशी विहिरीवर मी माझं काम केलं, म्हणजे तेच काम केलं जे एकोणीस वर्षं करत होतो. पावडर न टाकता टँकर हलवायचा नाही, हा माझा नेम. बादलीत पावडर कालवली, चुना खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी टँकरच्या तोंडातून आत ओतलं. तीन खेपांना तीनदा. आणि मापापेक्षा जास्त घेतली, दुप्पट घेतली, कारण डोहाच्या पाण्यावर हिरवा थर आला होता, वास मारत होता. देवीच्या लेकरांना असलं घाण पाणी कसं द्यायचं? टँकरवर चढताना मी चपला खाली काढून ठेवल्या होत्या. इतक्या भक्तीनं मी ती पावडर टाकली होती. माणसाला जे पाणी चांगलं, ते माशाला मारतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. नानांना विचारलं असतं तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं. त्यांच्या मनात तरी कसं यावं, की डोहात पावडर टाकणारा माणूस गावात आहे म्हणून.

“जोत्या,” नाना हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात वरून किंकाळी आली. अप्पा गुरव पूजेला आले होते. त्यांना वरून काय दिसलं असेल? डोहभर मेलेली लेकरं, मधे जाळं घेतलेला धोंडी तारू, आणि हातगाडीवर माशांनी भरलेलं पिंप. अप्पा हातातलं तबक टाकून ओरडत गावाकडं पळाले. दहा मिनिटांत खडकावर उभं राहायला जागा राहिली नाही.

नाना सगळ्यांना सांगत होते, गाडी ढकला, आधी गाडी ढकला, मग मला काय ते बोला. गाडीला कुणी हात लावला नाही. त्यांनी एकट्यानं ढकलायला घेतली तर तरण्या चौघांनी ती धरून ठेवली. “पुरावा हाय त्यो,” त्यातला एक म्हणाला. नानांच्या अंगाला हात लावायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही. म्हातारी माणसं मटकन खाली बसली होती. अप्पांच्या सुनेनं कपाळ बडवून घेतलं.

साहेब आठला जीपमधून आले. बरोबर दोन गार्ड. माणूस वाईट नव्हता. डोह बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ हातात धरून उभे राहिले. मग पाण्याशी वाकून वास घेतला.

“ब्लीचिंग आहे,” ते म्हणाले. “जुनाच प्रकार. पावडर टाकायची, मासे गुदमरून वर आले की जाळ्यानं गोळा करायचे. जिल्ह्यात दुसरीकडंही झालंय. पण इथं होईल असं वाटलं नव्हतं.”

“साहेब,” नाना म्हणाले. ओल्या धोतरानं कुडकुडत होते. “मी केलं म्हणा, मला न्या, फाशी द्या. पर ह्या पिंपातली नऊ आधी बंधाऱ्यात सोडा. हिरीचं पाणी हाय, तवर तगलीत. ऊन चढलं की पिंपात दम कोंडंल त्यांचा.”

“बाबा, तो मुद्देमाल आहे. पंचनामा झाल्याशिवाय हलवता येत नाही.”

“मग करा की पंचनामा!”

“पंचनाम्यानंतरही तो मुद्देमालच राहणार. तालुक्याला न्यावा लागेल.” साहेबांनी पिंपात डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. “एकच रस्ता आहे. हा गुन्हाच नाही, अपघात आहे, असं दिसलं, तर मी आत्ता माझ्या जबाबदारीवर ते सोडायला लावतो. काल टँकरनं पाणी घातलं ना तुम्ही? टँकरचं काम कुणाकडं होतं?”

इंदूताईंनी माझ्याकडं बोट केलं.

साहेब माझ्याजवळ आले. त्यांच्या आवाजात जोर नव्हता. उलट मी हो म्हणावं अशी त्यांची इच्छा असावी, असं मला तेव्हाही वाटलं होतं, आणि आज तर खात्रीच आहे.

“टँकरमध्ये पावडर टाकली होती का?”

समोर पिंप होतं. निळ्या प्लास्टिकमधून आतल्या सावल्या हलताना दिसत होत्या. मी हो म्हटलं असतं तर चार माणसांनी गाडी ढकलली असती, अर्ध्या तासात बंधारा आला असता. नऊ लेकरं पाण्यात सुटली असती, आणि पावसाळ्यात चढणीला लागून परत घरी आली असती. एवढं सगळं माझ्या एका शब्दावर होतं आणि मला ते पुरतं कळत होतं. मला काही सुचलं नाही, घाबरून गेलो होतो, असं मी पुष्कळदा मनाला सांगून पाहिलंय. पण सुचत सगळं होतं. अप्पांची सून कपाळ बडवत होती ती दिसत होती. काल माझ्या हातात नारळ दिलेला, तो हात आठवत होता. देवीची लेकरं मारली ती पावडरनं, म्हणजे मी, हे उद्या गावातलं शेंबडं पोर म्हणेल, हे मी स्वच्छ बघत होतो.

“न्हाई साहेब,” मी म्हणालो. “देवीसाठी आणल्यालं पाणी. साधं हिरीचं होतं.”

नानांनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं.

“मग पावडर आली कुठून? पंचायतीची पावडर कुठं असते?”

“पंचायतीमागच्या खोलीत.”

“कुलूप असतं?”

किल्ली माझ्या करगोट्याला असायची. एकोणीस वर्षांत ती खोली एकदाही उघडी राहिली नव्हती, आणि ही गोष्ट गावात फक्त मला माहीत होती.

“ऱ्हातं कधी कधी उघडं,” मी म्हणालो.

साहेबांनी ते लिहून घेतलं. खाली माझी सही घेतली. माझी सही चांगली आहे, वळणदार.

पंचनामा बारापर्यंत चालला. एक गार्ड मेलेली मोजत होता, दुसरा लिहीत होता. ऊन चढलं. नाना पिंपाशी बसून त्यावर आपला ओला पंचा धरून होते, हात भरून आला की हात बदलत होते. पहिल्यानं एक उलटलं. मग दोन. दर वेळी नाना आकडा मोठ्यानं सांगायचे, “आठ ऱ्हायली साहेब.” “सहा.” गार्ड त्यांना गप्प बसा म्हणाला. साहेब जीपच्या पलीकडं जाऊन सिगारेट ओढत उभे राहिले. शेवटचं उलटलं तेव्हा नानांनी आकडा सांगितला नाही. पंचा पिळला आणि अंगावर घेतला.

“आता ही मेलेली तरी मला उचलू द्या,” ते म्हणाले. “आमचा मान हाय.”

तेही जमलं नाही. गार्डांनी खताच्या गोण्यांत सगळी भरली. एकोणऐंशी होती, पिंपातली धरून. गाव बघत राहिलं. पांढऱ्या फडक्याचा तागा घेऊन नानांची बायको वाटेवर उभी होती. तिच्यासमोरून जीप गेली.

केस साडेचार वर्षं चालली. पुराव्याअभावी सुटले नाना, पण सुटले ते फक्त कोर्टातून. त्यांना कुणी मारलं नाही, वाळीत टाकलं असंही कुणी म्हणालं नाही. लग्नाच्या अक्षता त्यांच्या दारात जाईनाशा झाल्या, एवढंच. पिठाच्या गिरणीत त्यांची बायको आली की बाकीच्या बायका गप्प व्हायच्या. या साडेचार वर्षांत नानांनी माझं नाव ना कोर्टात घेतलं, ना गावात. मी रोज वाट बघत होतो. घेतलं असतं तर बरं झालं असतं, असंही मला वाटायचं, आणि लगेच दरदरून घाम फुटायचा.

बायको गेल्यावर नाना लेकीकडं राहायला निघाले. स्टँडवर मी त्यांना गाठलं. एक गाठोडं होतं, आणि वर बांधलेलं जाळं. मी काहीतरी बोलणार होतो, काय ते आज मलाही सांगता येणार नाही. एसटी आली. नाना पायरीवर चढले आणि वळले.

“डोहातली गेली ती चुकून गेली, जोत्या,” ते म्हणाले. “चूक हुती माणसाकडनं. पर पिंपातली नऊ…”

कंडक्टरनं दार ओढून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात ते लेकीच्या गावी वारले, असं कळलं. त्यांना पोचवायला आमच्या गावातून कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

आता मी निवृत्त झालोय. डोह आहे, खळगे आहेत, फलकही आहे, दोनदा नवा रंग दिलाय त्याला. यादीत आमचा नंबर अजून अठरावाच आहे. शाळांच्या सहली येतात. मास्तर पोरांना फलक वाचून दाखवतात आणि पोरं पाण्यात वाकून वाकून मासे शोधतात. नव्या नवऱ्या अजून कणकेचे गोळे घेऊन येतात. गोळे तळाला जाऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी फुगून वर येतात. अप्पांच्या नातवाला ते काढून टाकावे लागतात. डोहात हात घालायचा नाही, हा नेम आता कुणी पाळत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दुपारी जीप गेल्यावर, माणसं पांगल्यावर, मी पाणी तपासायची ती बाटली घेऊन डोहावर परत गेलो होतो. कशाला गेलो, ते विचारू नका. कुठंतरी मनात होतं, की पावडरीनं झालंच नसेल, दुसरंच काही असेल. नळीत डोहाचं पाणी घेतलं, औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. रोज नळाच्या पाण्याचा जो रंग बघून मला समाधान वाटायचं, अगदी तोच, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

नळी धुतली आणि पंचायतीत आलो. सकाळच्या गोंधळात फळा तसाच राहून गेला होता. कालची तारीख पुसली, आजची घातली, आणि खाली रोजच्या अक्षरात लिहिलं : पाणी पिण्यास योग्य.